कमावलेली विकरे

ज्या घरात रोज दही लागते तिथे विरजण विकत आणावे लागत नाही. कालच्या दह्यातले चमचाभर बाजूला ठेवले की उद्याच्या दुधाची सोय होते, कारण विरजणातले जिवाणू आपली संख्या आपणच वाढवतात. विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, तसे नाही. विकर हे प्रथिन आहे. एखादी रासायनिक क्रिया ते लाखो पटींनी वेगाने घडवते आणि त्या क्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. पण स्वतःसारखा दुसरा रेणू त्याला घडवता येत नाही. शिवाय बहुतेक विकरे पाण्यात विरघळतात. काम संपल्यावर ती त्याच पाण्यात, तयार मालात मिसळलेली राहतात. माल वेगळा काढायचा तर पाणी तापवावे लागते, त्यात आम्ल घालावे लागते, कधी एखादे द्रावक घालावे लागते, आणि एवढ्या उठाठेवीत विकराची नाजूक घडी मोडते. म्हणजे जी वस्तू मुळात झिजत नाही ती दर खेपेला सांडपाण्यात सोडायची आणि पुढच्या खेपेला नवी आणायची. कारखानदारीत विकरे वापरू पाहणाऱ्यांना पहिली अडचण आली ती ही. या पुस्तकाचा विषय तिच्यातूनच निघाला आहे: विकराचे रेणू एकमेकांशी पक्के बांधून त्यांचे न विरघळणारे पुंजके करायचे, ते गाळून परत मिळवायचे आणि पुन्हा कामाला लावायचे.

विकरे महाग असतात ही तक्रार जुनी आहे, पण ती अर्धवट मांडली जाते. विकराचा किलोचा भाव कितीही असो, खरा हिशेब एका किलो विकराने आयुष्यभरात किती किलो माल करून दिला याचा असतो. दहा हजार रुपयांचे विकर एकदाच वापरून टाकले तर ते महाग पडते. तेच शंभर खेपा चालले तर दर खेपेला शंभर रुपये पडतात. त्यामुळे विकर स्वस्त करण्याचे दोन रस्ते आहेत. एक, ते कमी खर्चात तयार करणे. हे काम जनुक अभियांत्रिकीने आणि किण्वनाच्या सुधारलेल्या पद्धतींनी मोठ्या प्रमाणावर केले आहे. दुसरा, त्याचे आयुष्य वाढवणे. पुढील प्रकरणे या दुसऱ्या रस्त्याची आहेत. विकर अचल करण्याच्या, म्हणजे ते पाण्याबरोबर वाहून न जाता परत मिळावे असे करण्याच्या, आज ज्या अनेक पद्धती आहेत, त्यांत आडव्या बंधांनी जोडलेल्या पुंजक्यांची पद्धत सर्वांत आधी करून पाहावी, आणि ती खरोखरच अपुरी पडली तरच विकराला बाहेरचा आधार शोधावा, असे माझे मत आहे. रूढ क्रम याच्या उलट आहे. तो का बदलावा याची कारणे या प्रस्तावनेत द्यायची आहेत, आणि ज्या हरकती घेतल्या जातात त्यांनाही उत्तर द्यायचे आहे.

विकर अचल करता येते हे कळले त्याला शंभर वर्षे होऊन गेली. साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारे इन्व्हर्टेज हे विकर कोळशाच्या भुकटीला चिकटले तरी काम करत राहते, असे नेल्सन आणि ग्रिफिन या अमेरिकी संशोधकांनी १९१६ साली नोंदवले. तोवर विकर म्हणजे नेमके काय हेही ठरलेले नव्हते. ते प्रथिन आहे याचा भक्कम पुरावा जेम्स समनर यांनी १९२६ साली दिला. आपल्याकडच्या अबईच्या शेंगेच्या जवळच्या नात्यातल्या जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून त्यांनी युरिएज स्फटिकरूपात वेगळे काढले. हे लगेच कोणी मान्य केले नाही. नोबेल पारितोषिक मिळायला १९४६ साल उजाडले. कोळशावरच्या त्या निरीक्षणाचा कारखान्यात उपयोग व्हायला तर त्याहून अधिक काळ लागला. जपानच्या तानाबे सेयाकू या औषध कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अमायनोअसायलेज हे विकर एका रेझिनसारख्या आधारावर बसवले, ते स्तंभात भरले आणि त्यातून द्रावण सोडून अमायनो आम्ले तयार केली. विरघळलेले विकर वापरून जो खर्च येई त्याच्या साधारण ६० टक्क्यांत तेच काम होऊ लागले. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेतील हेनिकर येथे विकर अभियांत्रिकीची पहिली परिषद भरली आणि ‘अचल विकर’ ही संज्ञा तिथे रीतसर ठरली. कोळशापासून कारखान्यापर्यंतचा हा काळ ५३ वर्षांचा आहे.

तानाबेच्या यशाने एक चांगली गोष्ट झाली आणि एक सवय लागली. विकर अचल करायचे म्हणजे त्याला कशावर तरी बसवायचे, हे गृहीत धरले जाऊ लागले. सच्छिद्र काच, सिलिका, सेल्युलोज, निरनिराळ्या प्लास्टिकांचे मणी, अल्जिनेटच्या गोळ्या, असे आधार पुढच्या तीस वर्षांत शेकड्यांनी सुचवले गेले, आणि त्यांतले काही उत्तम आहेत यात वाद नाही. पण आधारावर बसवलेल्या विकराचा एक किलो हातात घेतला तर त्यात विकर किती असते? साधारण १ ते १० टक्के. उरलेले ९० ते ९९ टक्के वजन काहीच काम न करणाऱ्या आधाराचे असते. ते पात्रात जागा अडवते, विकत आणावे लागते, आणि विकर निकामी झाल्यावर त्याची विल्हेवाटही लावावी लागते. कित्येकदा असा आधार त्यावर बसवलेल्या विकराहून महाग पडतो. दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला, ही आपल्याकडची म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

आधार टाळायचा तर विकराच्या रेणूंनीच एकमेकांना धरून ठेवले पाहिजे. हा विचारही नवा नाही. विरघळलेल्या विकरात ग्लुटारल्डिहाइड घालून रेणू सरळ एकमेकांना जोडण्याचे प्रयोग १९६० च्या दशकात झाले. त्यातून बुळबुळीत, हाताळायला अवघड आणि बरीचशी ताकद गमावलेला गोळा मिळे, म्हणून ते मागे पडले. १९६४ साली क्विओचो आणि रिचर्ड्स यांनी कार्बोक्सिपेप्टिडेज या विकराचे स्फटिक ग्लुटारल्डिहाइडने बांधले. त्यांचा हेतू क्ष-किरणांनी रचना पाहताना स्फटिक टिकावेत एवढाच होता. बांधलेला स्फटिक विकर म्हणून कामही करतो हे त्याबरोबर कळले. तीस वर्षांनी अमेरिकेतील आल्टस बायोलॉजिक्स या कंपनीने असे स्फटिक बाजारात आणले. ते टिकाऊ होते, द्रावकांना दाद देत नव्हते, त्यांच्यात निरुपयोगी वजनही नव्हते. अडचण एकच होती आणि ती मोठी होती: स्फटिक होण्यासाठी विकर अतिशय शुद्ध हवे, आणि शुद्धीकरणाचा खर्च इतर सगळ्या खर्चांना मागे टाकतो.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात रॉजर शेल्डन यांच्या गटाने इथे एक साधा प्रश्न विचारला. स्फटिकच कशाला हवा? प्रथिने पाण्यातून बाहेर काढायची सर्वांत जुनी रीत साका बसवण्याची आहे. अमोनियम सल्फेटसारखे क्षार भरपूर घातले की ते प्रथिनाभोवतीचे पाणी ओढून घेतात. रेणू एकमेकांना चिकटतात आणि पांढरा साका तळाशी बसतो. जीवरसायनाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत शुद्धीकरणाची पहिली पायरी म्हणून हे रोज घडते. लिंबू पिळलेले दूध फाटते त्यासारखेच हे दिसते, फरक एवढाच की फाटलेले दूध परत सांधत नाही आणि क्षारांनी बसवलेले विकर साधे पाणी घालताच पुन्हा विरघळते, तेही आपली घडी आणि आपले काम न विसरता. शेल्डन यांच्या गटाने साका बसलेल्या अवस्थेतच त्याला ग्लुटारल्डिहाइडने बांधले. मग पाणी घातले तरी तो विरघळेना, आणि काम मात्र करत राहिला. काओ, व्हॅन रांटवाइक आणि शेल्डन यांचा हा शोधनिबंध २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातले विकर पेनिसिलिन असायलेज होते. शुद्धीकरणाची एक पायरी आणि अचल करण्याची पायरी इथे एकाच भांड्यात उरकली गेली, आणि स्फटिकासाठी लागणारी शुद्धता गरजेची राहिली नाही. किण्वनातून आलेल्या गढूळ अर्कापासूनही सुरुवात करता येते.

ही कृती प्रत्यक्ष कशी दिसते ते सांगितले पाहिजे, कारण पद्धतीचा सारा साधेपणा आणि तिच्यातला धोका दोन्ही त्यात आहेत. थंड ठेवलेल्या भांड्यात विकराचे पाण्यासारखे स्वच्छ द्रावण हळूहळू ढवळत असते. त्यात क्षाराचे संपृक्त द्रावण थेंब थेंब पडते. बराच वेळ काहीच होत नाही; मग एका ठरावीक प्रमाणानंतर द्रावण दुधाळते आणि पाहता पाहता त्यात बारीक पांढरे कण तरंगू लागतात. आता ग्लुटारल्डिहाइड घालायचे. या रेणूच्या दोन्ही टोकांना अल्डिहाइडचे गट असतात. एक टोक एका विकराच्या लायसिन या अमायनो आम्लातला अमायनो गट पकडते, दुसरे टोक शेजारच्या विकराचा. काही तासांत पांढऱ्या कणांवर पिवळसर झाक येते. साका वेगळा करून धुवायचा, आणि मग सर्वांत महत्त्वाची तपासणी करायची ती धुतलेल्या पाण्याची. त्या पाण्यात विकराचे काम दिसले तर बंध अपुरे आहेत, माल गळतो आहे. पाण्यात काम दिसले नाही पण पुंजक्यातही जीव उरला नाही, तर बंध जास्त झाले आहेत. या दोन टोकांमधली योग्य जागा शोधणे हीच सगळी कला आहे.

यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: कमावणे. कोल्हापुरी वहाणेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. सालीतली टॅनिने कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना एकमेकांशी बांधतात, आणि जे कातडे पाण्यात फुगून कुजले असते ते वर्षानुवर्षे पायात टिकते. चर्मोद्योगात ग्लुटारल्डिहाइडही याच कामासाठी वापरले जाते. म्हणजे विकराला आडव्या बंधांनी बांधणे ही रसायनाच्या दृष्टीने कातडे कमावण्याचीच क्रिया आहे. तुलना इथेच थांबत मात्र नाही, आणि पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कातड्याने फक्त टिकायचे असते. विकराने टिकायचे असते आणि कामही करायचे असते, आणि काम करण्यासाठी त्याला थोडे हलावे, थोडे उघडमिट व्हावे लागते. कातडे जास्त कमावले गेले तर कडक होते. विकर जास्त कमावले तर मरते.

पेनिसिलिन असायलेज हेच पहिले उदाहरण का निवडले गेले, यामागे मोठा इतिहास आहे. अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही औषधे ६-अमिनोपेनिसिलानिक आम्ल या गाभ्यापासून बनतात. हा गाभा मिळवण्यासाठी पेनिसिलिन-जी चा एक तुकडा अलगद कापावा लागतो, आणि तो अशा रीतीने की शेजारचे चौकोनी बीटा-लॅक्टम कडे मोडू नये. ते कडे म्हणजेच औषधाची ताकद. रसायनशास्त्राने हे साधले होते, पण त्यासाठी उणे ४० अंश सेल्सिअस तापमान, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि क्लोरीनयुक्त द्रावके लागत. असायलेज हेच काम कोमट पाण्यात करते. सुटणाऱ्या फेनिलअसेटिक आम्लाला थोडा अल्कली घालून आवरत राहिले की झाले. पण विरघळलेले विकर दर खेपेला वाया गेले असते तर ही पद्धत कारखान्यात कधीच आली नसती. ती आली ती विकर अचल करता आल्यामुळेच, आणि आज या गाभ्याचे उत्पादन प्रामुख्याने विकरानेच होते. महाराष्ट्राचा या विकराशी जुना संबंध आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे तिथे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलिन असायलेजवर दीर्घकाळ संशोधन झाले. प्रश्न कचऱ्याचाही आहे. शेल्डन यांनी १९९२ साली कारखान्यांना एक मोजपट्टी दिली होती: एक किलो मालामागे कचरा किती किलो. तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ हून कमी भरतो, औषधनिर्मितीत २५ ते १०० आणि कधी त्याहूनही जास्त. ज्या माणसाने हा आकडा मांडला त्यानेच पुंजक्यांची पद्धत पुढे आणावी हा योगायोग म्हणता येणार नाही. आधाराचे मृत वजनही त्याच हिशेबात येते.

आता हरकती. पहिली हरकत बाजाराची आहे: पद्धत एवढी चांगली असेल तर कारखान्यांत अजून आधारांचेच राज्य का? मक्याच्या ग्लुकोजपासून फ्रुक्टोजचे गोड सरबत करणारे ग्लुकोज आयसोमरेज हे अचल विकरांच्या वापराचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण आहे, आणि तिथे स्तंभ महिनोन्‌महिने चालतात. हे खरे आहे. पण त्या स्तंभांतल्या मालाकडे जवळून पाहिले तर त्यातले काही प्रकार जिवाणूंच्या पेशींचा लगदा ग्लुटारल्डिहाइडने बांधूनच केलेले असतात. म्हणजे आडव्या बंधांचे तत्त्व उद्योगाने केव्हाच स्वीकारले आहे. दुसरे, एकदा चालू झालेली आणि औषध नियामकांनी मान्य केलेली प्रक्रिया केवळ नवी पद्धत आली म्हणून कोणी बदलत नाही. जुन्या कारखान्यांत काय आहे यावरून नव्या प्रक्रियेसाठी आधी काय करून पाहावे हे ठरवणे चूक आहे. याच हरकतीचा दुसरा अवतार कपडे धुण्याच्या पावडरीचा आहे: तिच्यातली प्रोटिएज, अमायलेज एकदाच वापरून वाहून जातात आणि तरी परवडतात, मग परत मिळवण्याचा खटाटोप कशाला? तिथे खरोखरच नको. जे विकर अत्यंत स्वस्त आहे आणि जे मालात राहिले तर बिघडत नाही, त्याला अचल करणे व्यर्थ आहे. पण औषधात उरलेले परके प्रथिन ॲलर्जीला कारण होऊ शकते. तिथे न विरघळणारे विकर गाळून पूर्ण बाजूला काढता येणे हाच फायदा पुरेसा आहे, पुनर्वापर हा वरचा लाभ.

दुसरी हरकत ग्लुटारल्डिहाइडवर आहे आणि तिच्यात अधिक दम आहे. हा रेणू लहान आहे. तो विकराच्या क्रियास्थानात शिरून नेमका कामाचा गट पकडू शकतो. काही नायट्रिलेज विकरे ग्लुटारल्डिहाइडने जवळजवळ पूर्ण निकामी होतात. ज्या विकरांत लायसिन कमी असते तिथे उलटी पंचाईत होते: धरायला हातच नाही, त्यामुळे पुंजका सैल राहतो आणि गळतो. शिवाय ग्लुटारल्डिहाइड विषारी आहे. रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी ते वापरतात ते याच गुणामुळे. ही उणीव मान्य करूनच पुढचे काम झाले. डेक्स्ट्रानसारख्या लांब साखळीच्या शर्करेवर अल्डिहाइड गट निर्माण करून ती बांधणीसाठी वापरली तर ती आकारामुळे क्रियास्थानात शिरू शकत नाही, आणि ग्लुटारल्डिहाइडने मरणारी नायट्रिलेजही जगतात. लायसिनची उणीव भरून काढायला गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन हे लायसिनने समृद्ध प्रथिन सोबत घालण्याची युक्ती आहे. दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी ती २००६ साली दाखवली. अर्थात असे अल्ब्युमिन घातले की मृत वजन पुन्हा थोडे शिरते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

तिसरी हरकत अभियंत्यांची, आणि तीच मला सर्वांत वजनदार वाटते. पुंजके मऊ असतात. साधारण पाच ते पन्नास मायक्रोमीटर आकाराचे हे कण स्तंभात भरून वरून द्रावण दाबले तर ते चेपतात, वाट बंद होते, दाब चढतो. ढवळण्याच्या पात्रात ते तुटतात. सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा पुन्हा फिरवले तर ते एकमेकांवर बसून घट्ट गठ्ठा होतो. तो पुन्हा नीट सुटा होत नाही, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला काम घटलेले दिसते. हे घटणे विकर मेल्यामुळे असेलच असे नाही. गठ्ठ्याच्या आतल्या रेणूंपर्यंत कच्चा माल पोहोचतच नाही, एवढेच कारण असू शकते. उपाय आहेत: तळाला जाळी असलेल्या पात्रात पुंजके तरंगते ठेवून फक्त द्रव काढून घेणे, चुंबकीय लोहकण सोबत बांधून पुंजके चुंबकाने गोळा करणे, किंवा त्यांना सिलिकाच्या कवचात बसवणे. यांतला शेवटचा उपाय म्हणजे मागच्या दाराने आधारच आत घेणे आहे. त्यामुळे अतिशय उंच, वेगवान स्तंभ हवा असेल तिथे कडक मण्यांवर बसवलेले विकरच योग्य, हे मी कबूल करतो. पण छोट्या आणि मध्यम प्रमाणावर, खेपेखेपेने चालणाऱ्या कामात, ही हरकत वरच्या उपायांनी आवरता येते, आणि आपल्या देशातले बरेचसे सूक्ष्म रसायनांचे उत्पादन अशाच प्रमाणावर होते.

पद्धतीवर आणखी एक आरोप होतो: ही पाककृती आहे, शास्त्र नव्हे. अमुक विकराला अमोनियम सल्फेट मानवते, तमुकाला असिटोन, तिसऱ्याला टर्शरी ब्युटॅनॉल. आधीच सांगता येत नाही, करूनच पाहावे लागते. आरोप वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. करून पाहण्याचा खर्च इथे फार थोडा येतो. दहा-बारा लहान कुप्यांत वेगवेगळे साका बसवणारे पदार्थ घालून, साका पुन्हा विरघळवून काम किती परत मिळते ते एका दिवसात मोजता येते. जो पदार्थ काम शाबूत ठेवतो तोच पुढे न्यायचा. आधारांच्या बाबतीत प्रत्येक प्रयोगाआधी आधार मागवावा लागतो, त्याचा पृष्ठभाग तयार करावा लागतो. महागड्या अनिश्चिततेपेक्षा स्वस्त अनिश्चितता बरी.

पद्धतीची खरी ताकद मला आणखी एका ठिकाणी दिसते. दोन किंवा तीन विकरे एकत्र साका बसवून एकाच पुंजक्यात बांधता येतात. ग्लुकोज ऑक्सिडेज काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि तेच पेरॉक्साइड त्याला हळूहळू मारते. त्याच्या शेजारी कॅटालेज बांधले तर ते पेरॉक्साइड जागच्या जागी फोडून पाणी आणि ऑक्सिजन करते, आणि तो ऑक्सिजन ऑक्सिडेजला पुन्हा हवाच असतो. एकाचा कचरा दुसऱ्याचे खाद्य होते, तेही शेजारीच, वाटेत विरून न जाता. चार उपघटकांचे असलेले कॅटालेज पातळ द्रावणात सुटे होऊन निकामी पडते; बांधल्यावर ते तुकडे एकत्र राहतात, हा वेगळाच लाभ. कोल्हापूरच्या केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयातील संशोधकांनी स्टार्च फोडणारी तीन विकरे, अल्फा-अमायलेज, ग्लुकोअमायलेज आणि पुलुलानेज, अशीच एका पुंजक्यात बांधून स्टार्चचे विघटन एकाच भांड्यात करून दाखवले. मोठ्या परदेशी विद्यापीठाची उपकरणे नसताना, जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून या विषयावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत सातत्याने लेखन झाले. पद्धतीला भांडवल कमी लागते याचा याहून चांगला दाखला देता येणार नाही, आणि ती आधी करून पाहावी या माझ्या म्हणण्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

वाचकाने सावध राहावे अशी एक गोष्ट शेवटी सांगतो. या विषयावरच्या लेखनात ‘दहा खेपांनंतर ८० टक्के काम शिल्लक’ अशा धाटणीची वाक्ये वारंवार येतात, आणि ती दिशाभूल करू शकतात. शिल्लक कशाच्या ८० टक्के? पहिल्या खेपेच्या. आणि पहिल्या खेपेतच मूळ विकराची निम्मी ताकद बांधणीत गेली असेल, तर त्याचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या तरी कोष्टकात असतो किंवा नसतोच. खेप किती वेळाची होती हेही पाहावे लागते: पंधरा मिनिटांच्या दहा खेपा म्हणजे अडीच तास, आणि कारखान्यात एकेक खेप कित्येक तासांची असते. म्हणून पुढील प्रकरणांतले प्रत्येक कोष्टक वाचताना तीन आकडे शोधा: बांधणीपूर्वी किती काम होते, बांधणीनंतर किती उरले, आणि त्या एका ग्रॅम पुंजक्याने एकूण किती ग्रॅम माल करून दिला. तिसरा आकडा दिलेला नसेल तर उरलेल्या दोहोंवरून आणि खेपांची संख्या व कालावधी यांवरून तो स्वतः काढून पाहा. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत निघतो.